बॉल क्लीनर म्हणजे रंगवलेले स्पिरिट नव्हे

टेनपिन बोलिंगसाठी ज्याने स्वतःचा बॉल विकत घेतला आहे, त्याच्या फोनवर पुढील आशयाचा मजकूर कधी ना कधी येऊन गेलेला असतो. बॉल क्लीनर म्हणून विकली जाणारी बाटली म्हणजे रंग आणि वास घातलेले स्पिरिट आहे. घरात सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, भांड्यांचा साबण आणि उकळते पाणी असताना तिच्यावर पैसे घालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. बॉल चकाकू लागला की तो स्वच्छ झाला असे समजावे. आणि हे सगळे महिन्यातून एकदा केले तरी पुरे. मजकूर वाचायला खुमासदार असतो आणि त्यातील पहिले वाक्य निम्मे खरेही असते, म्हणून उरलेल्या वाक्यांवर लोकांचा विश्वास बसतो. ती वाक्ये एकेक करून तपासणे आवश्यक आहे, कारण त्यांतील दोन सल्ले अमलात आणले तर बॉल कायमचा निकामी होऊ शकतो. (मराठीत ‘बोलिंग’ म्हटले की आधी क्रिकेट आठवते, येथे विषय आहे तो दहा पिना पाडण्याच्या खेळाचा आणि सहा-सात किलोच्या, बोटे घालायला छिद्रे पाडलेल्या बॉलचा.)

या मजकुराची मूळ चूक अशी की तो सर्व बॉल एकसारखे मानतो. मॉलमधील बोलिंग सेंटरच्या रॅकवर जे रंगीबेरंगी बॉल ठेवलेले असतात, त्यांचे बाह्य कवच बहुधा पॉलिएस्टरचे असते आणि ते तेल शोषत नाही. स्पर्धेत खेळणारा माणूस स्वतःच्या बोटांच्या मापाने छिद्रे पाडून जो बॉल घेतो, त्याचे कवच बहुतेक वेळा युरेथेनचे किंवा रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे असते. रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन 1990 च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले. हेही मुळात युरेथेनच, परंतु त्यात असे घटक मिसळलेले असतात की तयार कवचावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. बॉल ज्या पट्टीवरून पिनांकडे जातो ती लेन, फाउल लाइनपासून (म्हणजे जी ओलांडायची नसते त्या रेघेपासून) पहिल्या पिनेपर्यंत 60 फूट लांब असते आणि तिच्या सुरुवातीच्या साधारण 40 फुटांवर तेलाचा थर दिलेला असतो. हे तेल एका लेनला जेमतेम 25 मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या पाच चमच्यांएवढे लागते. सूक्ष्म छिद्रांमुळे बॉलला लेनवर पकड मिळते आणि त्याच छिद्रांतून तेल आत मुरते. तेल मुरत गेले की पिनांजवळ पोहोचताना बॉल पूर्वीसारखा वळत नाही, आणि आपला हात बिघडला असे समजून खेळाडू बिचारा स्वतःची शैली बदलत बसतो.

आता पहिले विधान. बॉल पॉलिएस्टरचा असेल तर मजकूर लिहिणाऱ्याशी माझा काहीही वाद नाही: त्यावरचे तेल आणि बॉल परत आणणाऱ्या यंत्राच्या पट्ट्याचे काळे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने सहज निघतात. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी बाटली त्यासाठी पुरेशी आहे. परदेशातून क्लीनर मागवण्याचे काही कारण नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनच्या बॉलवरही खेळ संपताच हेच अल्कोहोल लावून पुसले तर वरवरचे तेल निघते. मात्र अल्कोहोल झपाट्याने उडून जाते, आणि पुसायला थोडा उशीर झाला तरी विरघळलेले तेल पुन्हा पृष्ठभागावरच बसते. चांगल्या क्लीनरमध्ये विद्रावकाबरोबर तेलाला कवचापासून सुटे करून धरून ठेवणारे, साबणाच्या जातीचे घटकही असतात, त्यामुळे कापडाला ते टिपून घ्यायला वेळ मिळतो. क्लीनरचे अधिकचे पैसे जातात ते या घटकांसाठी. रंग आणि वास निव्वळ वरकड आहेत, हे मलाही मान्य आहे.

सॅनिटायझरचे प्रकरण मात्र वेगळे आहे. करोनाकाळापासून घरोघरी त्याच्या बाटल्या उरल्या आहेत आणि त्यात अल्कोहोल असते, म्हणून तो बॉललाही चालेल असा तर्क केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या सॅनिटायझरच्या पाककृतीतच, हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून, 1.45 टक्के ग्लिसरीन आहे. जेलच्या स्वरूपातील सॅनिटायझरमध्ये त्याखेरीज घट्टपणा आणणारा पदार्थही असतो. यांतले काहीही उडून जात नाही. तळहाताला जो ओलावा सुखद वाटतो, त्याचा बॉलवर चिकट पापुद्रा बसतो. ज्याला हे खोटे वाटत असेल त्याने सॅनिटायझरचा एक थेंब काचेवर वाळू द्यावा आणि नंतर त्यावरून बोट फिरवून पाहावे.

नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांच्याविषयीचा सल्ला मात्र सरळसरळ हानिकारक आहे. ‘जितके कडक तितके स्वच्छ’ हे त्यामागचे गृहीतक फरशीच्या बाबतीत कदाचित चालेल. बॉलच्या कवचाच्या बाबतीत अ‍ॅसिटोन केवळ तेलाला विरघळवून थांबत नाही, ते कवचालाच मऊ करते. या खेळाच्या इतिहासात याचा पुरावा आहे आणि तो मोठा रंजक आहे. 1973 च्या हंगामात अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडू डॉन मक्यून यांनी पॉलिएस्टरचा बॉल मिथिल इथिल कीटोन या विद्रावकात भिजवून त्याचे कवच मऊ करण्याची युक्ती वापरली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा पदार्थ अ‍ॅसिटोनचे सख्खे भावंड होय. मऊ कवचाने लेनला जास्त पकड घेतली. मक्यून यांनी त्या एका हंगामात सहा विजेतेपदे पटकावली आणि ते वर्षाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. तेव्हा त्याविरुद्ध नियम नव्हता. पुढे संघटनांनी कवचाच्या कठीणपणाची किमान मर्यादा ठरवली. ड्युरोमीटर नावाच्या उपकरणाची बारीक सुई कवचावर दाबून आकडा वाचायचा आणि तो शोअर ‘डी’ मापावर 72 च्या खाली असेल तर बॉल बाद, असा नियम अमेरिकेत कित्येक दशके राहिला आहे. म्हणजे ज्या गोष्टीला 50 वर्षांपूर्वी बॉलमध्ये केलेला फेरफार मानून आवर घातला गेला, तीच आता साफसफाईची घरगुती युक्ती म्हणून फिरवली जात आहे. शिवाय मक्यून यांना तो परिणाम हवा होता. डाग काढायला निघालेल्या माणसाला तो नको असतो आणि झालेला कळतही नाही. हे विद्रावक सहज पेट घेतात, त्यामुळे बंद खोलीत किंवा स्वयंपाकघरात त्यांची बाटली उघडणे हा वेगळाच धोका आहे.

उकळत्या पाण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो एका योग्य उपायाचे विकृत रूप आहे. मुरलेले तेल उष्णतेने बाहेर येते, हे खरेच आहे. बोटांच्या छिद्रांवर पाणी न शिरणारी चिकटपट्टी लावून बॉल सुमारे 55 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात, भांडी घासायच्या द्रवरूप साबणाचे काही थेंब टाकून, 20 मिनिटे ठेवला तर थोड्याच वेळात पाण्यावर तवंग दिसू लागतो. बॉल बाहेर काढल्यावर त्याच्या कवचावर घामासारखे बारीक थेंब फुटतात. ते पुसले की पुन्हा काही येतात आणि मायक्रोफायबरच्या कापडावर पिवळट डाग उमटतो. हे प्रथमच पाहणारा माणूस हरखून जातो आणि 55 अंशांना इतके तेल निघते तर 100 अंशांना किती निघेल, असा हिशेब करतो. तो हिशेब येथे लागू पडत नाही. बॉलच्या आतील गाभा आणि बाहेरील कवच वेगवेगळ्या पदार्थांचे असते आणि तापल्यावर ती दोन्ही सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. तापमान फार चढले किंवा झपाट्याने बदलले तर कवचाला भेग पडते. ओव्हन आणि भांडी धुण्याचे यंत्र यांनाही हेच लागू आहे, आणि अशा प्रकारे तापवलेल्या बॉलची वॉरंटी कंपन्या सहसा मानत नाहीत.

मी हा धडा पाण्याशिवायच शिकलो. मे महिन्यात पुण्यात, दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत माझा बॉल राहिला आणि संध्याकाळी तो तसाच वातानुकूलित सेंटरमध्ये नेऊन मी खेळायला लागलो. दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या छिद्रापासून निघालेली, केसाएवढी बारीक रेघ दिसली. महिन्याभरात तिच्यात नख अडकू लागले. भेग उन्हामुळेच पडली हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण तेव्हापासून बॉल डिकीत ठेवण्याची माझी छाती झालेली नाही.

आपल्याकडील न्हाणीघर लक्षात घेऊन आणखी एक इशारा देणे भाग आहे. बॉलचा आकार ठरलेला असल्याने साधारण 12 पौंडांपेक्षा हलका बॉल पाण्यावर तरंगतो आणि त्याहून जड बॉल बुडतो. म्हणजे 14 किंवा 15 पौंडांचा बॉल बादलीच्या तळाशी जाऊन बसणार आणि त्याच बादलीत पाणी तापवायचा रॉड लावलेला असेल तर तो थेट रॉडला टेकणार. पाणी आधी तापवावे, रॉड बंद करून बाहेर काढावा, थर्मामीटरने तापमान पाहावे आणि मगच बॉल आत सोडावा. हाताला सोसेल इतके गरम, हा अंदाज मुळीच भरवशाचा नाही. सराईत हातांना काय वाट्टेल ते सोसते.

भांड्यांच्या साबणाविषयी मजकुरात जे लिहिले आहे, ते साबण द्रवरूप असेपर्यंत बरोबर आहे. परंतु आपल्याकडे भांड्यांचा साबण म्हटले की अनेकांचा हात वडीकडे जातो, आणि साबणाबरोबर हिरवी घासणीही येते. वडीत घासण्यासाठी खनिजांची पूड मिसळलेली असते आणि हिरवी घासणी तर जात्याच खरखरीत असते. कढईला जे हवे तेच या दोन्ही वस्तू बॉललाही करतात, म्हणजे त्याचा पृष्ठभाग खरवडतात. बॉलचा पृष्ठभाग किती खरखरीत असावा हे कारखान्यात ठरवलेले असते. त्यासाठी अ‍ॅब्रालॉनसारख्या, पृष्ठभाग घासायच्या पॅडचे 500, 1000, 2000, 4000 असे क्रमांक वापरले जातात. आकडा जितका लहान तितका पृष्ठभाग खरखरीत आणि बॉल लेनवर तितका लवकर पकड घेतो. अमेरिकेतील बोलिंग संघटना यूएसबीसी हिने 2000 च्या दशकात बॉलच्या गतीचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि तेल शोषण्याची क्षमता हे घटक अत्यंत प्रभावी ठरले. ज्या गाभ्याच्या आकारांच्या एवढ्या जाहिराती होतात, ते त्यांच्या मागे राहिले. तेव्हा घासणीने बॉल ‘स्वच्छ’ करणारा माणूस नकळत त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म बदलत असतो, आणि तोही एका जागी जास्त, दुसऱ्या जागी कमी.

यावरूनच चकाकीविषयीचा दावाही निकालात निघतो. क्रिकेटमध्ये चेंडूची एक बाजू पँटवर घासून चकचकीत ठेवतात, त्या सवयीमुळे चकाकी म्हणजे निगा अशी आपली समजूत झाली असावी. बोलिंगचा बॉल चकाकतो तेव्हा दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते: एकतर त्याला मुद्दाम पॉलिश केलेले असते, म्हणजे तो तेलावरून पुढे घसरत जाऊन उशिरा वळेल; किंवा खेळून खेळून त्याचा खरखरीतपणा झिजलेला असतो. दुसऱ्या स्थितीतला बॉल दिसायला देखणा आणि कामाला निरुपयोगी असतो, आणि कोणत्याही क्लीनरने तो पूर्ववत होत नाही; त्याला पुन्हा योग्य क्रमांकाचे पॅडच फिरवावे लागते. ‘क्लीन अँड पॉलिश’ असे एकाच बाटलीवर लिहिलेले असेल तर ती न चकाकणाऱ्या, खरखरीत पृष्ठभागाच्या बॉलसाठी घेऊ नये. गाडीचे किंवा फर्निचरचे पॉलिश तर मुळीच लावू नये, कारण त्यातील मेण आणि सिलिकोन ज्या छिद्रांसाठी आपण रिअ‍ॅक्टिव्ह बॉलला पैसे मोजले तीच छिद्रे बुजवतात.

शेवटचा दावा महिन्यातून एकदा साफ करण्याचा. क्लीनरचे काम पृष्ठभागावरच्या तेलापुरते असते; खोल मुरलेले तेल त्याच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून शेवटचा डाव संपल्यावर बूट काढण्याआधी बॉलवर क्लीनर फवारून, कापडाची कोरडी बाजू बदलत दोन मिनिटे पुसणे, हे महिन्याच्या शेवटी केलेल्या तासाभराच्या मेहनतीपेक्षा कितीतरी उपयोगी ठरते. हे रोज केले तर गरम पाण्याची पाळी क्वचितच येते. स्पर्धेचा डाव चालू असताना मात्र ही बाटली पिशवीतच राहिली पाहिजे: यूएसबीसीच्या नियमांनुसार ऑगस्ट 2019 पासून खेळ चालू असताना बॉल फक्त कोरड्या टॉवेलनेच पुसता येतो आणि कोणताही द्रव चालत नाही, त्यामुळे ‘मध्येच जरा स्पिरिटचा बोळा फिरवा’ ही सूचना स्पर्धेत अंगाशी येऊ शकते. आपल्याकडील स्पर्धेत कोणते नियम लागू आहेत हे आयोजकांना आधीच विचारून घ्यावे, आणि टॉवेल दोन ठेवावेत. ते धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नये. त्याने टॉवेल मऊ होतो, पण तेल टिपायचे सोडून देतो.