एक बॅकस्लॅश आणि ‘सवय लावा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘इमॅक्समध्ये प्रोलॉगची फाइल पर्ल म्हणून उघडते तेव्हा’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. उत्तर लांबलं म्हणून इथे वेगळं देतो आहे.

ज्यांनी लेख किंवा ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोलॉग आणि पर्ल या दोन प्रोग्रॅमिंग भाषांच्या फाइलींच्या नावाचा शेवट सारखाच, डॉट पीएल. त्यामुळे इमॅक्स हा संपादक प्रोलॉगची फाइल पर्लच्या ‘मोड’मध्ये, म्हणजे पर्लच्या नियमांनी रंगवून, उघडतो. ते टाळायला सेटिंगमध्ये घालायची एक ओळ मी लेखात दिली होती. प्रतिक्रियेचं म्हणणं असं: माझ्या ओळीत एक बॅकस्लॅश कमी आहे. मोड फक्त फाइलच्या नावावरून ठरतो हे मी चुकीचं लिहिलं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा फाइलला सरळ डॉट प्रो नाव द्यावं. आणि शेवटी: “मराठीत लिहिलं म्हणून काहीही खपतं असं नाही. आधी मॅन्युअल वाचायची सवय लावा.”

बॅकस्लॅश मान्य. ऑटो-मोड-अलिस्टमध्ये (कुठल्या नावाला कुठला मोड, याची इमॅक्सची यादी) डॉट पीएलचा डॉट खराखुरा डॉट राहावा म्हणून त्याच्यापुढे दोन बॅकस्लॅश लागतात, कारण लिस्पची (इमॅक्सच्या सेटिंगची भाषा) स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर, वाचतानाच त्यातला एक गिळला जातो. मी एकच दिला होता. तो गुपचूप गेला, नुसता डॉट उरला, आणि नुसत्या डॉटचा अर्थ ‘कुठलंही एक अक्षर’. म्हणून तुमच्या डॉट टीपीएलवाल्या टेम्प्लेट फाइलीही प्रोलॉगमध्ये उघडल्या. माझ्याकडे असल्या फाइली नाहीत, त्यामुळे मला दिसलं नाही. किरकोळ चूक होती, दुरुस्त केली. डॉलरच्या (ओळीचा शेवट) जागी बॅकस्लॅश-अवतरण (अख्ख्या नावाचा शेवट) हवं हेही खरं, पण फाइलच्या नावात नवी ओळ घालणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता ‘सवय लावा’.

सवय कोण कुणाला लावतं हो? आई मुलाला लावते, जेवायच्या आधी हात धुवायची. तुमची माझी ओळख नाही, तुम्ही नावही दिलेलं नाही आणि पहिल्याच भेटीत माझ्या सवयी! ‘मॅन्युअलमध्ये वेगळं दिलंय’ एवढं लिहिलं असतंत तरी मुद्दा पोचला असता.

आणि मॅन्युअलबद्दलच बोलायचं तर ऐका. १९९९ साली मी सांगलीत एका कॉलेजात प्रोलॉग शिकवत होतो. प्रयोगशाळेत लिनक्सचं एकच मशीन, त्यावर इमॅक्स २०. इंटरनेट म्हणजे गावातल्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून. मी मॅन्युअलचे मला लागणारे भाग डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापले, दोन्ही कडांना भोकं असलेल्या त्या लांबलचक कागदावर. प्रिंटरचा किरकिराट ऐकून शिपाई दोनदा डोकावून गेला. मग झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. प्रती काढायची परवानगी त्या मॅन्युअलमध्येच छापलेली आहे, हे त्या झेरॉक्सवाल्यालाही मीच वाचून दाखवलं होतं. ते बाड आजही माझ्या कपाटात आहे. मोड कसा निवडला जातो त्या पानावर चहाचा डाग आहे. तेव्हा सवयीचं राहू द्या.

हा लेख सुचला तोही त्याच वर्गात. फळ्यावर नेहमीचा नियम: क्यू खरं असेल आणि आर खरं असेल तर पी खरं. मुलांनी तो टाइप केला आणि क्यूचा कंस लगेच स्ट्रिंगच्या रंगात गेला, कारण पर्लमध्ये क्यू आणि कंस म्हणजे अवतरणचिन्ह. एस नावाचा प्रेडिकेट (पी, क्यूसारखंच प्रोलॉगमधलं विधान) लिहिला की आणखी गंमत. पर्लला वाटतं शोधा-बदला सुरू झालं, आणि खालच्या ओळीही रंगून जातात. टक्क्याने सुरू होणारी टिप्पणी तर टिप्पणी वाटतच नाही, तिकडे टक्का म्हणजे हॅश, पर्लचा एक डेटाप्रकार. एका मुलीने अर्धा तास स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. प्रोलॉग १९७२ मधलं मार्सेयचं, पर्ल १९८७ मधलं. वडीलकीचा मान कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

मोड नावावरून ठरतो, यात मी सोपं करून लिहिलं होतं. पहिल्या ओळीतली उणे-तारा-उणे खूण (तिच्यात मोडचं नाव लिहितात) आधी बघितली जाते, मग शेबँग (फाइल कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ), मग मजकुराची सुरुवात, आणि नावाचा नंबर त्यानंतर. हे मला माहीत आहे (वर बाडाचं सांगितलंच). पण तुमच्याच म्हणण्यानुसार तुमच्या फाइलच्या पहिल्या ओळीत कुणीतरी पर्लची खूण ठेवली होती. उसनी फाइल आणायची, पहिली ओळ न वाचता वापरायची आणि मग माझा उपाय चालला नाही म्हणून माझ्या नावाने बोटं मोडायची, याला काय म्हणावं? ती खूण काढा. आणि फाइल आधीच उघडी असेल तर नॉर्मल-मोड ही आज्ञा द्या, नाहीतर यादी बदलूनही समोर पर्लच दिसत राहील. हे लेखात होतं, दुसऱ्या परिच्छेदात.

डॉट प्रोबद्दल एवढंच: करून बघितलंत का? माझ्या इमॅक्समध्ये डॉट प्रो म्हटलं की आयडीएल या तिसऱ्याच भाषेचा मोड उघडतो. आगीतून फुफाट्यात.

‘मराठीत काहीही खपतं’ यावर बोलत नाही. बोलायला गेलो तर तोल जाईल.

लेखातली ओळ काल रात्री बदलली आणि खाली दुरुस्तीची तारीख टाकली. चूक दाखवणाऱ्याचं नाव द्यायचा इथला रिवाज आहे, पण तिथे ‘अनामिक’ एवढंच लिहावं लागलं. नाव कळवलंत तर बदलेन.