उन्हात ‘बिघडणाऱ्या’ आयआर सेन्सरच्या तक्रारीस आमचे उत्तर

नमस्कार,

आमच्याकडून घेतलेले आयआर सेन्सर मॉड्यूल (डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडून ते परत येतात का हे पाहणारे) घरात चालते, पण गच्चीवर नेले की त्याचा दिवा सतत पेटलेला राहतो, काळी पट्टी त्याला दिसत नाही आणि तरीही दुकानाने ते बदलून दिले नाही, अशी आपली तक्रार आहे. आपण मॉड्यूल परत आणलेत तेव्हा काउंटरवर आपल्यासमोरच ५ व्होल्ट देऊन ते तपासले होते. पांढरा कागद पुढे धरला की आउटपुट शून्याजवळ येत होते आणि कागद काढला की पुन्हा वर जात होते. त्यामुळे ते बदलून देण्याचे कारण आम्हाला तेव्हा दिसले नाही, आजही दिसत नाही.

गच्चीवरचा आपला अनुभव मात्र अगदी खरा आहे. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात आणि समोरून आलेला प्रकाश शेजारच्या एलईडीचा की सूर्याचा, हे फोटोडायोडला (प्रकाश टिपणाऱ्या भागाला) कळत नाही. एलएम३९३ कंपॅरेटरही (व्होल्टेजची तुलना करणारी चिप) प्रीसेटने, म्हणजे मॉड्यूलवरच्या फिरवायच्या स्क्रूने, ठरवलेल्या व्होल्टेजशी तुलना करण्यापलीकडे काही करत नाही. फोटोडायोडचे काळपट आवरण पाहून तो उन्हापासून सुरक्षित आहे असा समज होतो, पण ते आवरण दृश्य प्रकाश अडवते, अवरक्त नव्हे. थेट उन्हात प्रीसेट कितीही फिरवला तरी फारसा उपयोग होत नाही.

घरात काळ्या पट्टीवर दिवा विझतो, हाच लाइन फॉलोअरसाठी (काळ्या पट्टीवरून चालणाऱ्या छोट्या गाडीसाठी) हवा असलेला संकेत आहे. काळा पृष्ठभाग प्रकाश शोषतो, आउटपुट हाय होते आणि प्रोग्राममध्ये तेच वाचायचे असते. पट्टी मात्र काळ्या इन्सुलेशन टेपची घ्यावी, कारण काही इंकजेट शाया डोळ्यांना काळ्या दिसल्या तरी अवरक्त प्रकाश शोषत नाहीत.

सेन्सर जमिनीपासून साधारण १ सेंटीमीटरवर बसवून भोवती पुठ्ठ्याचा आडोसा केल्यास गच्चीवरही फरक पडेल. उघड्यावर लांबचा अडथळा ओळखायचा असेल, तर टीव्हीच्या रिमोटसाठी वापरतात तसा ३८ किलोहर्ट्झचा टीएसओपी१७३८ रिसीव्हर घ्यावा. त्याला अखंड लहर न देता थांबून थांबून झोत द्यावे लागतात, नाहीतर तो त्या लहरीला गोंगाट समजून दुर्लक्ष करतो. त्याच्या पायांचा क्रम व्हीएस१८३८बी या तशाच दुसऱ्या रिसीव्हरपेक्षा वेगळा आहे, तेव्हा डेटाशीट पाहूनच सप्लाय जोडावा.

आपली गाडी चेसिससकट दुकानात आणल्यास प्रीसेट आम्ही विनामूल्य लावून देऊ.