तो माणूस शोभेसाठी नाही

इजिप्तच्या जुन्या फोटोंवरचा लेख आवडला, पण तिथल्या अबू सिंबेलच्या देवळातल्या प्रचंड मूर्तीच्या फोटोतला माणूस ‘शोभेसाठी’ उभा केलाय, असं त्यात म्हटलंय, हे काही पटलं नाही. १८५० मध्ये माक्सिम द्यु काँ हा फ्रेंच लेखक इजिप्तमध्ये फोटो काढत होता तेव्हा त्याने बोटीवरच्या हाजी इस्माईल नावाच्या खलाशाला मुद्दाम दगडांवर चढवून उभं केलं, ते मापासाठी. मूर्तीच्या मुकुटाशी ठिपक्याएवढा दिसणारा तो माणूस पाहिला की मगच मूर्ती केवढी आहे ते डोक्यात शिरतं. बिचाऱ्याला एक्स्पोजर (फोटोवर उजेड पडू द्यायचा वेळ) संपेपर्यंत हलायची सोय नव्हती!

इजिप्तचेच फोटो काढणाऱ्या फ्रान्सिस फ्रिथ या इंग्रज फोटोग्राफरचे हाल वेगळेच. १८५६ पासूनच्या त्याच्या फेऱ्यांत ओल्या कोलोडियनच्या (ईथर असलेल्या चिकट द्रावाचा लेप दिलेल्या) काचा होत्या. काचेवर लेप द्यायचा आणि तो वाळायच्या आत फोटो काढून धुवायचासुद्धा, तेही वाळवंटातल्या तंबूत, ईथरच्या वासात.

आणि एक राहिलं. इजिप्तमधलंच एडफूचं मंदिर तेव्हा वाळूत निम्मंअधिक गाडलेलं होतं, मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने ते १८६० पासून मोकळं केलं. म्हणून त्याआधीच्या फोटोत खांब बुटके दिसतात. मी तर आधी ते वेगळंच देऊळ समजलो होतो.