'गोवर तर सगळ्यांनाच येतो': त्या मेसेजला उत्तर

आमच्या साखर पेठेतल्या बचत गटाच्या ग्रुपवर आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. लसीत पारा असतो, तिनं मुलं ऑटिस्टिक होतात, लस घेतलेल्यांनाही गोवर होतो, आणि गोवर तर सगळ्यांनाच येतो, उशाशी कडुनिंब ठेवला की जातो. शेवटी जोडलेले हात.

पाऱ्याचं आधी उरकते. गोवर-रुबेलाच्या लसीत तो नसतोच. पेंटाच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या, अनेक डोसांच्या बाटलीत टिकवण्यासाठी पाऱ्याचं एक संयुग अगदी थोडं घालतात. माशांतून पोटात जाणारा घातक पारा वेगळा. हे संयुग शरीर लवकर बाहेर टाकतं.

ऑटिझमची आवई 1998 च्या एका लेखातून उठली. त्यात मुलं किती, तर 12. लेख 2010 मध्ये मागे घेतला, लिहिणाऱ्या डॉक्टरची नोंदणीही गेली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलं तपासली, संबंध सापडला नाही.

'लस घेतलेल्यांनाही होतो' हे मात्र खरं आहे. फक्त हिशेब अर्धा सांगितलाय. समजा, वस्तीत 100 पोरं, त्यातल्या 95 जणांचे दोन्ही डोस झालेले. साथ सगळ्यांपर्यंत पोचली तर त्या 95 मधली तीनेक आजारी पडतील, आणि बिनलसीच्या 5 मधली चार-पाच. मेसेजवाला आजारी सात-आठ मोजतो, 'बघा, तिघांनी लस घेतली होती' म्हणतो. उरलेली 92 खेळताहेत, ती त्याच्या मोजणीत नाहीत.

आणि साधा आजार? 2022 च्या शेवटी मुंबईच्या गोवंडीत साथ आली तेव्हा बाळं दगावली. गोवरातून न्यूमोनिया होतो, डोळे जातात, आधीच्या आजारांशी लढायची शरीराची आठवणही पुसली जाते. कडुनिंब ठेवा की, माझी ना नाही. आजी सांगते, 'आम्हाला कुठे होती लस?' तिची दोन भावंडं पाळण्यातच गेली, ते ती वेगळ्या गोष्टीत सांगते.

खरी दुखती नस वेगळीच आहे. पेंटानंतर ताप येतो, मांडी सुजते. डांग्या खोकल्याच्या भागामुळे हे बऱ्याच बाळांना होतं. इथं विड्या वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांमागे मिळते. पोर रात्रभर किरकिरलं की दुसऱ्या दिवशी विड्यांचं सूप मांडीवर येत नाही. ते नुकसान कुणी धरत नाही, आधी सांगतही नाही. मेसेजवाल्यानं तेवढं अचूक हेरलंय. गोवराच्या लसीनंतर क्वचित तापात झटका येतो. जिवावरची ॲलर्जी दहा लाखांत एखादी, म्हणून तर अर्धा तास बसवून ठेवतात.

माझ्या भाचीला आशाताईंनी हे सगळं आधीच सांगितलं होतं. तापाचं औषध किती द्यायचं, तेही. तिनं आदल्या दिवशी दोनशे विड्या जास्त वळल्या आणि सकाळी कार्ड घेऊन गेली.