दिवाळीचे दीडशे तुकडे

"पण कापतं तर मशीनच ना?" दिवाळी प्रदर्शनातल्या स्टॉलवर लाकडी पझल मांडून बसलं की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. हो, कापतं मशीनच. भातही कुकरच शिजवतो. तांदूळ निवडण्यापासून कुकर घासण्यापर्यंत बाकीचं कोण करतं, ते ज्याच्या त्याच्या घरात ठाऊक असतं.

तर माल असा : ए-४ आकार, ३ मिलिमीटर जाडीचं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), वर दिवाळीचं चित्र, एकूण तुकडे १५०. म्हणजे एक तुकडा साधारण दोन सेंटिमीटर बाय दोन. कापायला ६० किंवा ८० वॉटचं सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचं, लेझर. पुण्यात अशी मशीनं गाळ्यागाळ्यांत आहेत. त्यांच्यावर वर्षभर नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या आणि लग्नातले 'शुभविवाह' कापले जातात. पझलवाला मात्र फक्त दिवाळीवर डोळा ठेवून असतो, त्यामुळे पंचांग हेच त्याचं उत्पादनाचं वेळापत्रक. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला जातं. अधिक महिन्यात जावयाला चांदीचं ताट मिळतं, आम्हाला अठरा दिवस मिळतात. दोघांनाही ते कमीच वाटतात. आणि खोक्यावर साल कधीही छापू नये. 'शुभ दीपावली' पुढच्या वर्षीही विकता येतं, 'शुभ दीपावली २०२५' रद्दीत जातं.

काम आषाढात सुरू करावं लागतं आणि नेमकं तेव्हाच एमडीएफला पाणी पिण्याची हौस येते. पावसाळी हवेत उघडी ठेवलेली शीट चार दिवसांत पापडासारखी वाकते. वाकलेली शीट मशीनच्या बेडवर ठेवली की कडेला फोकस बरोबर, मध्ये चुकलेला. परिणामी कडेचे तुकडे सुटतात आणि मधले दहाबारा एकमेकांना सोडायला तयार नसतात. नखाने ढकलून काढावेत तर मागचा पापुद्रा निघतो. शीट आडवी, सपाट, प्लास्टिकात गुंडाळून ठेवायची आणि कापताना जाळीदार बेडमध्ये पिना खोचून चारी बाजूंनी दाबायची. दुसरा उपाय उन्हाळ्यात सगळा माल कापून ठेवण्याचा. तो सर्वांना माहीत असतो आणि कोणी करत नाही.

शीट आठ बाय चार फुटांची मिळते, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. कागदावर हिशोब केला तर एका शीटमध्ये ए-४ ची ४४ पझल बसतात आणि त्या आनंदात भाव ठरवला जातो. मग लक्षात येतं की चित्र चिकटवायला आणि पिना मारायला चारी बाजूंनी थोडी जागा हवी. प्रत्येक पझल ३१० बाय २२० धरून सगळी एकाच दिशेने मांडली की ४४ ची थेट ३५ होतात. एका सेंटिमीटरने नऊ पझल खाल्ली. ती उरलेली पट्टी 'कशाला तरी होईल' म्हणून भिंतीला टेकवून ठेवतात. ती कशालाही होत नाही.

आता चित्र. छपाईवाला आपुलकीने म्हणतो, "व्हिनाइलवर काढून देऊ? पाणी पडलं तरी काही होणार नाही." इथे हात जोडून नाही म्हणायचं. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. त्यावर लेझर पडला की क्लोरीन सुटतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा होतात. त्या आधी तुमचं नाक धरतात, मग मशीनचे रूळ आणि आरसे. आठवड्याभरात चकचकीत मशीन भंगारातून आणल्यासारखं दिसायला लागतं. म्हणून साधा जाड कागद आणि पांढरा डिंक. पण ओल्या डिंकाचा कागद एकाच बाजूला लावला तर वाळताना तो बोर्डाला आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे मागेही तसाच कोरा कागद लावायचा आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेवायचं. या कामाला जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे उत्तम. सपाट असतात, जड असतात आणि कोणी वाचायला मागत नाही.

पैसे असतील तर बोर्डावर थेट यूव्ही छपाई (अतिनील किरणांनी लगेच सुकणाऱ्या शाईची) करून घ्यावी. डिंक, फुगे, रात्र, सगळंच वाचतं. दिवाळी अंक तेवढे बेकार होतात.

कापायच्या रेषेचा हिशोब फार कोणी करत नाही, पण धंदा त्यावरच उभा आहे. १५ उभ्या रांगा आणि १० आडव्या ओळी धरल्या तर आतल्या सरळ रेषाच साडेपाच मीटर भरतात. प्रत्येक तुकड्याला कान आणि खाचा काढल्या की ती लांबी जवळजवळ दुप्पट. त्यात बाहेरची चौकट एक मीटर. एकूण बारा मीटरच्या आसपास. सेकंदाला १५ मिलिमीटर वेगाने हे तेरा-चौदा मिनिटांत व्हायला हवं. पण मशीनचं डोकं रिक्षासारखं नसतं, ते प्रत्येक वळणावर वेग कमी करतं. म्हणून खरी वेळ अठरा-वीस मिनिटं. शंभर पझल म्हणजे तीस तास आणि वर. मिनिटाला दहा रुपये मजुरी धरली तरी नुसतं कापणं १८० रुपयांचं. स्टॉलवरचे काका विचारतात, "बाजारात ५०० तुकड्यांचं तीनशेला मिळतं, तुमचं १५० चं आठशेला कसं?" उत्तर सोपं आहे : पुठ्ठ्याचं पझल धारदार पात्यांच्या साच्याखाली एका दणक्यात कापलं जातं. हे उत्तर दिल्यावर काका म्हणतात, "मग तुम्हीही तसंच करा की."

मशीनला द्यायच्या फाइलमध्ये शेजारच्या दोन तुकड्यांची सामाईक रेषा एकदाच असली पाहिजे. प्रत्येक तुकडा वेगळा काढून शेजारी शेजारी मांडला तर प्रत्येक रेषा दोनदा होते आणि मशीन ती इमानेइतबारे दोनदा जाळतं. वेळ दुप्पट, काजळी दुप्पट, फट मोठी. चांगल्या फोकसला लेझरची फट ०.१५ ते ०.२ मिलिमीटर असते. ती तेवढीच राहिली तर पझल एका कोपऱ्याला धरून उचललं तरी लोंबतं पण सुटत नाही. भिंगावर धुराचा थर बसला की किरण पसरतो, फट वाढते आणि तेच पझल फुंकरीने विस्कटतं. गिऱ्हाइकाला त्यातलं काही सांगता येत नाही, तो फक्त "लूज आहे हो" म्हणतो. भिंग रोज आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. शर्टाच्या टोकाने नव्हे.

आणि गुरुवार टाळायचा. गुरुवारी वीज जाते हे पुण्यात लहान पोरालाही माहीत असतं. ऐंशीव्या तुकड्याला दिवे गेले तर शीटला हात लावायचा नाही. वीज आल्यावर मशीन आपल्या मूळ जागी जाऊन परत सुरुवात करतं. शीट केसभरही हलली नसेल तर काम वाचतं. पण वीज जाताच कोणीतरी "काय झालं बघू" म्हणून झाकण उघडतं आणि शीट उचलून बघतं. हा माणूस प्रत्येक गाळ्यात असतो.

खरी गंमत आहे ती आकारांच्या तुकड्यांत. नुसते कान-खाचा कोण घेणार? मध्ये पणती, कंदील, लाडू, असे आठदहा तुकडे असले की भाव वाढतो. उत्साहाच्या भरात सगळा फराळ लेझरखाली घालावासा वाटतो, पण प्रत्येक पदार्थाचा स्वभाव वेगळा. करंजी सर्वात गुणी : अर्धगोल, जाड, कुठेही बसते. शंकरपाळा तर मुळातच पझलचा तुकडा. लाडू आणि अनारसा गोल, त्यामुळे जागी बसल्यावरही गरगर फिरतात आणि चित्र तिरकं होतं. त्यांना एक छोटा कान द्यावा लागतो. कान असलेला लाडू बघून लोक "हे काय आहे?" विचारतात. चकली मात्र घात करते. खऱ्या चकलीसारखी वेटोळी काढली तर दोन वेटोळ्यांमधली पट्टी दीड मिलिमीटर उरते आणि खोक्यातून काढतानाच मोडते. नियम साधा : बोर्ड जेवढा जाड, तेवढी तरी सर्वात बारीक जागा रुंद हवी. ३ मिलिमीटरच्या बोर्डात ३ मिलिमीटरहून नाजूक काही काढू नये. या नियमाने चकलीची जिलबी होते, कंदिलाच्या झिरमिळ्या जातात आणि किल्ल्यावरच्या मावळ्याच्या हातात तलवारीऐवजी लाटणं येतं. मावळा ठेवायचाच असेल तर तलवार म्यानात ठेवावी.

देवांच्या बाबतीत एकच सल्ला : नको. लक्ष्मीचं सुंदर चित्र असतं, मागणीही असते. पण रेषा चेहऱ्यावरून गेली की आजी स्टॉलवरच म्हणतात, "अगं बाई, देवीचे तुकडे?" रेषा चेहरा चुकवून नेली तर चेहऱ्याचा एकच भलामोठा तुकडा होतो आणि पझल सोपं पडतं. शिवाय एकदा लावून झालेला गणपती परत मोडायला घरात कोणी तयार होत नाही. तो तसाच डायनिंग टेबलवर राहतो आणि घरचे ताट मांडीवर घेऊन जेवतात.

चित्र निवडताना आणखी एक गोष्ट, जिचा उगम सौंदर्यदृष्टीत नसून काजळीत आहे. लेझरने कापलेली कड काळी होते आणि धूर चित्रावर पिवळट डाग सोडतो. पांढरी रांगोळी, फिकट आकाश, दुधी पार्श्वभूमी यांवर तो डाग चुगली करतो. अमावस्येच्या रात्रीचं चित्र घेतलं तर डाग दिसतच नाही. दिवाळी अमावस्येला ठेवणाऱ्यांचे या धंद्यावर अनंत उपकार आहेत. पण सगळं चित्र काळंही चालत नाही, नाहीतर शंभर काळे तुकडे हातात घेऊन गिऱ्हाईक वसुबारसेला बसतं आणि तुळशीच्या लग्नाला उठतं. झेंडूच्या तोरणाचंही तेच : साठ तुकडे, सगळे केशरी.

डाग टाळायला चित्रावर कागदी चिकटपट्टी लावून कापतात. डाग पट्टीवर बसतो, चित्र स्वच्छ राहतं, आणि मग दीडशे तुकड्यांवरून दीडशे छोट्या पट्ट्या नखाने काढाव्या लागतात. "कापतं तर मशीनच ना?" विचारणाऱ्याला या कामाला बसवावं. युक्ती अशी की तुकडे सुटे करायच्या आधी, अख्खं पझल जोडलेलं असताना, वर एक रुंद आणि जास्त चिकट पट्टी दाबायची आणि एका कोपऱ्यातून सावकाश ओढायची. बऱ्याच पट्ट्या एकदम निघतात. कधीकधी चित्रही निघतं. मागची काजळी मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढून पझल दोनतीन दिवस पंख्याखाली उघडं ठेवायचं, म्हणजे खोकं उघडताच होमाचा वास येत नाही.

मग मोजणी. दीडशे तुकडे मोजण्यापेक्षा वजन करावं, हा विचार प्रत्येक हुशार माणसाला सुचतो. ए-४ चं ३ मिलिमीटर एमडीएफ भरतं साधारण १४० ग्रॅम, म्हणजे एक तुकडा ग्रॅमला थोडा कमी. सोनाराचा काटा आणला की झालं! पण बोर्डाने दोन टक्के ओल धरली की वजन जवळजवळ तीन ग्रॅमने वाढतं. म्हणजे हवेतल्या दमटपणात तीन तुकडे लपतात. वजनाने सगळं बरोबर, खोक्यात कमी. त्यामुळे भरवशाची रीत एकच : कापलेलं पझल न मोडता खालून पुठ्ठा सरकवून बेडवरून अलगद उचलायचं, उजेडासमोर धरायचं आणि भोक दिसतं का बघायचं. भोक दिसलं तर तुकडा जाळीखालच्या ट्रेमध्ये असतो, कारण छोटा तुकडा सुटताच कलंडतो आणि वरून फिरणारं डोकं त्याला ढकलून देतं. मगच पझल मोडायचं, थेट सुती पिशवीत. टेबलावर मोडू नये. टेबलाखाली मांजर असतं.

खोक्याचा आकारही कुरिअरवाल्याला विचारून ठरवावा. तो खऱ्या वजनाबरोबर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतो आणि जे जास्त येईल ते लावतो. ३२ बाय २३ बाय ४ चं देखणं खोकं केलं तर हिशोबी वजन येतं ५९० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोचा टप्पा ओलांडला आणि पैसे एक किलोचे. तुकडे सुटेच आहेत, त्यांना ए-४ खोकं लागत नाही. २४ बाय १७ बाय ५ मध्ये तेच पझल ४१० ग्रॅममध्ये बसतं. तरी मोठं खोकं जास्त खपतं, कारण दिवाळीची भेट हातात भरली पाहिजे.

सरकारदरबारी पझल ९५०३ या एचएसएन (करासाठी मालाची वर्गवारी करणाऱ्या) क्रमांकाखाली येतं, तीनचाकी सायकली आणि बाहुल्यांच्या शेजारी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्यामुळे बनवणारे खोक्यावर ठळक लिहितात 'मोठ्यांसाठी'. नुसतं लिहून भागत नाही, चित्र आणि तुकडेही मोठ्यांचेच वाटले पाहिजेत. सशाचं कार्टून छापून 'मोठ्यांसाठी' म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. हे सगळं नीट वाचून स्टॉलवरच्या काकू विचारतात, "नातवाला चालेल ना? तिसरं लागलंय, पण फार हुशार आहे." नाही चालणार, तुकडा तोंडात जाईल, असं सांगावंच लागतं. त्या रागावतात, हुशारीवर शंका घेतली म्हणून.

भाऊबीज झाली की निरोप येतो : "एक तुकडा कमी आहे." वाद घालू नये. जोडलेल्या पझलचा फोटो मागवावा, भोक कुठे आहे ते बघावं आणि फाइलमधला तेवढाच तुकडा कापून पाठवावा. लेझरचा हा मोठा फायदा, आकार हुबेहूब येतो. अडचण रंगाची : नव्या छपाईत केशरी थोडा लालसर येतो आणि चित्र मिलिमीटरभर सरकलेलं असतं. म्हणून प्रत्येक छपाईतली दोन चिकटवलेली चित्रं न कापता बाजूला ठेवावीत, मागे पेन्सिलीने तारीख घालून. तुकडा साध्या पाकिटात न घालता दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये चिकटवून पाठवावा, नाहीतर वाटेत कान मोडतो. तो पोचायच्या आत दुसरा निरोप येतो की सापडला, सोफ्याच्या गादीखाली होता, पण पाठवलाय तर राहू दे.