नाव बरोबर आहे ना? मग पाठवा!

एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन पैसे पाठवणं, करायचीय? उत्तम. सगळ्यात आधी समोरच्याचं नाव नीट लिहा. मधलं नाव, आडनाव, 'श्री.'नंतरचा टिंब, सगळं तीनदा तपासा. कारण या व्यवहारात ज्याच्याकडे यंत्रणा ढुंकूनही बघत नाही, अशी गोष्ट ती एकच. पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. रिझर्व्ह बँकेनं २०१० सालीच सांगून ठेवलंय की ऑनलाइन व्यवहारात खात्री करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. तेव्हा नावावर घाम गाळा आणि आकडे एका दमात टाइप करून मोकळे व्हा.

आता आयएफएससी, म्हणजे बँकेची शाखा ओळखायचा कोड. गावात याला 'आयएफसी कोड' म्हणतात, तेच बरं. एक अक्षर गाळायची सवय नावापासूनच लागते. हा कोड ११ अक्षरांचा. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी कायम शून्यच असतं, म्हणून तिथे तुम्ही इंग्रजी 'ओ' टाका. फॉर्म 'इनव्हॅलिड' म्हणेल, तुम्ही पुन्हा तेच टाका, मग नेटला शिव्या द्या. फोनवर कोड सांगतानाही 'एसबीआयएन ओ ओ ओ' असंच म्हणावं. 'शून्य' म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या कल्पनाशक्तीला वाव कुठून मिळणार? बँक ऑफ बडोदानं 'पाचवं अक्षर शून्य आहे' असं छापून पाहिलं, पण छापलेलं वाचतो कोण? शिवाय त्यांच्या शाखांचे कोड बहुधा आकड्यांऐवजी अक्षरांचे, त्यामुळे पुढे एखादा खराखुरा 'ओ' येतो, आणि सावध माणूस नेमका त्याचं शून्य करतो.

कोड शोधायचा कुठे? पासबुकाच्या पहिल्या पानावर असतो, चेकवर शाखेच्या पत्त्याजवळ असतो, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर सगळ्या बँकांची यादी असते. या तिन्ही जागा टाळा. त्याऐवजी नेटवर शाखेचं नाव टाकून जे पहिलं दिसेल ते उचला. त्यातल्या एखाद्या पानावर 'कस्टमर केअर'चा मोबाईल नंबरही मिळेल. तो माणूस बँकेतल्या कुणाहीपेक्षा गोड बोलेल आणि शेवटी ओटीपी मागेल. आयएफएससीला ओटीपी लागत नाही, तो कोड कुणापासून लपवायचाही नसतो, पण एवढ्या गोड माणसाला नाही कसं म्हणायचं! नंतर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर आहेच.

चेक हातात आलाच, तर खालच्या पांढऱ्या पट्टीकडे बघा. काळ्या, जरा विचित्र वळणाच्या आकड्यांची रांग दिसेल. डावीकडून सहा आकडे चेकचा नंबर, मग नऊ आकडे एमआयसीआर, म्हणजे चेक वाचणाऱ्या यंत्रासाठीचा शाखेचा कोड, मग सहा, शेवटी दोन. खाते क्रमांक यातला एकही नाही. तो वर वेगळा छापलेला असतो. म्हणूनच खाते क्रमांकाच्या रकान्यात हीच रांग भरायची. त्या नऊ आकड्यांत तीन-तीन आकड्यांचे तीन गट असतात: पहिला शहराचा, दुसरा बँकेचा, तिसरा शाखेचा. ४११ आणि ००२ दिसलं की पुण्यातली स्टेट बँक. शहराचे तीन आकडे पिनकोडातूनच घेतलेले. हे एकदा कळलं की चुकायला मेहनत पडते, म्हणून कळून न घेतलेलं बरं.

न्यू जर्सीतला भाचा 'मावशी, तुझ्या बँकेचा राउटिंग नंबर पाठव' म्हणतो, तेव्हा तर हे नऊ आकडे फारच कामी येतात. अमेरिकेत बँक ओळखायचा राउटिंग नंबरही नऊ आकड्यांचा आणि चेकच्या खालच्याच पट्टीत, त्यामुळे मावशी एमआयसीआर पाठवते आणि दोघांनाही समाधान वाटतं. बाहेरून भारतात पैसे यायचे तर बँकेमार्फत पाठवताना स्विफ्ट कोड, म्हणजे जगभरात बँक ओळखायचा कोड, लागतो. ॲपनं पाठवताना बहुतेक वेळा खाते क्रमांक आणि आयएफएससी. स्विफ्ट आठ किंवा ११ अक्षरांचा. आयएफएससीही ११. इतका सुंदर योगायोग वाया घालवू नका. शाखेत विचारलंत तर 'आमच्या शाखेला स्विफ्ट नाही, मुख्य शाखेचा घ्या' असंही उत्तर येईल. ते बहुधा खरं असतं, म्हणूनच त्यावर वाद घाला.

जुनं पासबुक मात्र जपून ठेवा. देना आणि विजया या बँका १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. कॅनरा बँकेत गेलेल्या सिंडिकेट बँकेचे १ जुलै २०२१ पासून. कॅनरानं तर सोपं सूत्र दिलं: जुन्या सिंडिकेट कोडच्या आकड्यांत १०,००० मिळवा आणि पुढची चार अक्षरं बदला. बेरीज करायला लावणारी बँक! अशा अपमानाला उत्तर म्हणून पीएफच्या खात्यात आणि आयकराच्या पोर्टलवर जुनाच कोड राहू द्या. परतावा निघतो, धडकतो, मागे फिरतो आणि तुम्ही सहा महिने 'सरकार पैसे देत नाही' असं पारावर सांगू शकता.

गावच्या छोट्या सहकारी बँकेत खातं असेल, तर गंमत वेगळीच. अशा कित्येक बँका थेट यंत्रणेत नसतात, मोठ्या बँकेच्या खांद्यावर बसून येतात. मग कोडची पहिली चार अक्षरं त्या मोठ्या बँकेची. ते पाहून तुम्ही म्हणा, 'हा चुकलाय', आणि सुधारा.

एक सावधगिरी घ्यावीच लागेल. त्याच बँकेच्या भलत्या शाखेचा कोड टाकलात, तर बहुतेक वेळा पैसे तरीही पोचतात, कारण खाते क्रमांक अख्ख्या बँकेत एकच असतो. हा अनुभव दोनदा आला की 'कोड काय, कुठलाही चालतो' हे ज्ञान गल्लीभर वाटा. बँकच चुकली, तर तो क्रमांक तिथे सापडत नाही आणि पैसे परत येतात. खरा पराक्रम खाते क्रमांकात आहे. एक आकडा इकडचा तिकडे, आणि तो आकडा खरोखर कुणाचा तरी निघाला, की काम फत्ते. आता रक्कम भरण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव दाखवायची सोय झालीय. १ एप्रिल २०२५ पर्यंत ती द्या असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं होतं. स्क्रीनवर भलतंच नाव आलं तर 'बायकोच्या नावावर असेल' असं मनाशी म्हणून पुढे दाबा. आणि आधी एक रुपया पाठवून विचारू नका, लोक कंजूष म्हणतील.

पैसे गेले की शांत राहा. एनईएफटी २०१९ च्या डिसेंबरपासून अहोरात्र चालते, दर अर्ध्या तासाला एक फेरी, दिवसाला ४८. जमा होत नसतील, तर फेरीनंतर दोन तासांत परत पाठवायचे असतात. त्यामुळे पाचव्या मिनिटाला 'आले का?' विचारा, दहाव्या मिनिटाला पुन्हा तेवढेच पाठवा. दोन्ही पोचले तर नातं घट्ट होतं.

भलत्याच्या खात्यात गेलेच, तर बँक त्या माणसाच्या संमतीशिवाय ते काढून देत नाही. तेव्हा शाखेत जा, शक्यतो चार दिवसांनी, बँकेचा एसएमएस पुसून. काउंटरवरच्या मॅडम यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, विचारतील. एनईएफटीचा असेल तर १६ अक्षरांचा, मोठ्या रकमांच्या आरटीजीएसचा २२. तुम्ही कपाळावर आठ्या घाला आणि सांगा, ''ते काय ते मला माहीत नाही, पण नाव अगदी बरोबर लिहिलं होतं.''