ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकला 'कोणतंही तेल' चालत नाही

"हायड्रोलिकला महागडं तेल कशाला? जेसीबीचं ६८ नंबर हायड्रोलिक तेल टाका, नाहीतर इंजिनचं काढलेलं तेल गाळून वापरा," असा मेसेज ऊस वाहतुकीच्या तोंडावर बीड-जालन्याकडं फिरतोय. तो चुकीचा आहे.

आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रोलिक लिफ्ट (मागची अवजारं उचलणारी), गिअरबॉक्स आणि मागच्या धुऱ्याला तेल एकच असतं. ऑइल ब्रेक असतील तर ब्रेकच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या. ६८ नंबरवर लिफ्ट उचलते, म्हणून तर लोकांना पटतं! पण गिअरच्या दातांवरचा दाब सोसणारी आणि ब्रेकची पकड सांभाळणारी द्रव्यं त्यात नसतात. ब्रेक किरकिरतो, मग घसरतो. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या असताना हे परवडेल का?

जळक्या तेलाचं तर नावच नको. बारीक काजळी फडक्यातून खाली जातेच आणि पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह खाते.

थोडं खरं इतकंच, की इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रोलिक तिन्हीला चालणारं 'एसटीओयू' तेल मिळतं. तेही आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत मान्य असेल तरच. जुन्या, कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरांचा हिशेब वेगळा. तिथंही पुस्तिकाच बघा.

चुकीचं तेल पडलंच असेल, तर नुसती टॉप-अप नको. सगळं काढा, फिल्टर बदला. आणि शेजाऱ्याची टिपिंग ट्रॉली जोडताना ती उचलणाऱ्या जॅकमध्ये कोणतं तेल आहे ते विचारा, कारण ते परत आपल्याच ट्रॅक्टरात येतं.